तीन हजार दोनशे रुपयांत मातीचा जीव मोजून देतात म्हणे

माती तपासणाऱ्या एका लॅबला आधी तारे देऊन टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. धातूंची तपासणी: पाचपैकी चार. ‘जैविक क्रिया’ या नावाखाली जे काही करतात ते: एक, आणि तोही फक्त तिथल्या केमिस्टकाकांसाठी. विक्रीवाल्यांना शून्य देता येत असेल तर शून्य.

लॅबचं नाव लिहीत नाही. खासगी आहे, ॲपवरून बुकिंग होतं, माती कुरिअरने पाठवायची आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. असे धंदे आता पाच-सहा तरी दिसतात आणि तिघांची माहितीपत्रकं मी शेजारी ठेवून वाचली, एकाच दुकानात छापल्यासारखी होती. त्यामुळे हे एकट्या एका लॅबचं गाऱ्हाणं समजू नका. द्राक्षवाल्यांनी मात्र जरूर वाचा.

आमची बाग निफाड तालुक्यात, दोन एकर थॉमसन द्राक्षं. पहिली लागवड आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९९९ ला केली. २०१३ ला ती मोडून डॉगरिज खुंटावर पुन्हा लावली, पण जमीन तीच. मी बीएस्सी केमिस्ट्री. लग्नानंतर ती पदवी बोर्डोचा, म्हणजे बुरशीवर मारायच्या मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या मिश्रणाचा, सामू (पीएच) बघण्यापलीकडे कधी कामाला आली नव्हती.

तपासणीचं डोक्यात आलं ते एका पानावरून. एप्रिलात खरड छाटणी चालू असताना बोदावरचं, म्हणजे वेलींखालच्या मातीच्या वरंब्यावरचं, पाचट बाजूला सारलं, तर खाली मागच्या वर्षीची द्राक्षाची पानं जशीच्या तशी. चुरा झालेला नाही, जाळी पडलेली नाही, शिरांच्या बाजूला बोर्डोचा निळसर डागसुद्धा शाबूत. वर ड्रिपचं पाणी, खाली शेणखत, आणि पान वर्षभर वहीत ठेवल्यासारखं. तेच बांधापलीकडे, विहिरीजवळच्या गवताच्या पट्टीत आंब्याची पानं पडतात, ती दिवाळीपासून होळीपर्यंत मातीत मिसळून जातात. तिथे कधी बाग नव्हती आणि वाराही तिकडून बागेकडे वाहतो, त्यामुळे फवारा तिकडे फारसा जात नाही.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिका आमच्याकडे आहे. तिच्यावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. आमच्या पत्रिकेत तांब्यासमोर ‘पुरेसे’ लिहिलंय. डीटीपीए पद्धतीने काढलेलं, म्हणजे झाडाला घेता येईल तेवढंच, तांबं ०.२ पीपीएमच्या (किलोमागे मिलिग्रॅम) वर गेलं की पुरेसं. आमचं होतं एकोणीसच्या वर. मर्यादेच्या जवळजवळ शंभर पट, आणि शेरा ‘पुरेसे’! वाढणाऱ्याने ताट ओसंडून वाहीपर्यंत आमटी ओतावी आणि म्हणावं, पोटभर आहे ना, तसं. त्यात पत्रिकेची चूक नाही. ती कमतरता शोधायला बनवलेली आहे. जास्तीचं काय, हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नाही. आणि मातीत राहणाऱ्यांसाठी तर तिच्यावर रकानाच नाही.

म्हणून मग हे पॅकेज. तीन हजार दोनशे रुपये दर नमुन्याला. एकूण धातू (तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम), डीटीपीए धातू, सेंद्रिय कर्ब आणि ‘मातीची जैविक क्रिया’. मी दोन नमुने पाठवले, एक बागेचा, एक गवतपट्टीचा. हा दुसरा नमुना ॲपवाल्यांना कळेना. ‘मॅडम, पडीक जमिनीचा कशाला?’ असा फोन आला. कशाला ते पुढे येईलच. तुम्ही ही तपासणी करणार असाल तर बांधापलीकडचा, कधी न फवारलेला नमुना त्याच दिवशी, तितक्याच खोलीवरून घ्या. पैसे दुप्पट लागतात, पण नुसत्या बागेच्या आकड्याचं तुम्ही करणार काय?

किटमध्ये एक झिपची पिशवी, एक लेबल आणि सूचनांचा कागद येतो. कागद छान मराठीत आहे: आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, पंधरा सेंटिमीटर खोल, माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. मग ‘सावलीत वाळवून, चाळून पाठवा.’ इथे मी अडखळले. धातूंसाठी वाळवा, ठीक आहे, तांबं काही उन्हाने उडत नाही. पण ज्या मातीतल्या जिवाणूंचं कामकाज मोजायचं तीच वाळवायची? विरजण किती चांगलं लागतं हे बघायला आधी दह्याची वाटी उन्हात सुकवण्यातला प्रकार. ॲपवर विचारलं. उत्तर आलं, ‘कृपया सूचनांचे पालन करा.’ केलं. एप्रिलच्या उन्हाळ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, सहा दिवस कुरिअरमध्ये.

रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. चौदा पानांचा. पहिल्या पानावर स्कूटरच्या काट्यासारखी तबकडी, लाल-पिवळी-हिरवी, आणि काटा लालमध्ये: ‘आपल्या मातीचे आरोग्य ३१/१००.’ पाचव्या पानावर ‘जैविक क्रिया: अत्यंत कमी.’ सहाव्या पानापासून अकराव्यापर्यंत त्यांच्या जिवाणू-कल्चरची जाहिरात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन: “मॅडम, आपली जमीन मृत होत चाललीय, पण काळजी करू नका, आमचे जिवाणू तांबं खाऊन टाकतात.”

मी विचारलं, “खाऊन मग कुठे ठेवतात?”

“मॅडम, डिकंपोज होतं ना ते.”

तांबं मूलद्रव्य आहे हो! कीटकनाशक कुजतं, तणनाशक कुजतं, शेण कुजतं. तांबं तांबंच राहतं. जिवाणूने गिळलं तरी तो मेल्यावर परत मातीत. त्याला घट्ट बांधून ठेवता येतं, म्हणजे मुळांना आणि जिवांना कमी लागेल असं करता येतं. सेंद्रिय पदार्थ ते करतो, आमच्या काळ्या मातीतला चुना आणि आठच्या वरचा सामूही ते करतो. पण नाहीसं? त्या पोराची चूक नाही, त्याच्या हातात जे लिहून दिलंय ते तो वाचतो. शून्य तारे त्याला नाहीत, लिहून देणाऱ्याला.

आता चांगलं सांगते. धातूंचे आकडे खरे निघाले, आणि ते मी नुसतं विश्वासाने म्हणत नाही. एकूण तांबं: गवतपट्टी ९६ पीपीएम, बाग १९८. रिपोर्टने शेजारी युरोपातल्या १९८६ च्या सांडपाणी-गाळाच्या नियमातली १४० ची वरची मर्यादा छापून दोन्हीची तुलना केली होती आणि गवतपट्टीलाही पिवळा रंग दिला होता. यासाठीच तो दुसरा नमुना! आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात मुळातच तांबं बऱ्यापैकी असतं. ज्या जमिनीवर कधी मोरचुदाचा चमचा पडला नाही, तिलाही परदेशी फुटपट्टी लावली की ती आजारी दिसते. आमची भर आहे ती ९६ ते १९८ एवढी.

ही भर कुठून आली याचा हिशेब मी आणि आप्पांनी दुपारी ओट्यावर बसून कॅलेंडरच्या मागे मांडला. एका छाटणीनंतर एक टक्का बोर्डो, एकरी चारशे लिटर, म्हणजे चार किलो मोरचूद. दोन छाटण्यांचे आठ. पावसाळ्यात आणि फळछाटणीनंतर अर्धा टक्क्याच्या सरासरी चार फवारण्या, दोन-दोन किलो, आणखी आठ. वर्षाला एकरी सोळा किलो. मोरचुदात तांबं साडेपंचवीस टक्के, म्हणजे चार किलो तांबं. पंचवीस वर्षांत शंभर किलो. एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो धरतात. भागाकार केला, किलोमागे १११ मिलिग्रॅम आले. ९६ मध्ये मिळवले की २०७. रिपोर्टमध्ये १९८. थोडं छाटणीच्या काडीबरोबर गेलं, थोडं वाऱ्यावर. बाकी जिथे पडलं तिथेच आहे. तांबं फारसं खाली झिरपत नाही, वरच्या वितीतच धरून बसतं, आणि गांडुळापासून बुरशीपर्यंत सगळ्यांची वस्तीही तिथेच.

आप्पा बराच वेळ त्या शंभराकडे बघत होते. मग उठून माळ्यावरचा आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब काढला आणि कांद्याच्या काट्यावर ठेवला. नऊ किलो भरला. “म्हणजे एकरात अकरा बंब पुरले आपण,” म्हणाले. दोन एकरात बावीस. मला माहेराहून लग्नात एक घागर मिळाली होती, तीही पितळेची.

युरोपात आता तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला चार. आमचं हेक्टरी दहाच्या आसपास बसतं. बोर्डोचा जन्मच मुळी फ्रान्समधल्या बोर्दोचा, १८८५ पासून तिथल्या द्राक्षमळ्यांत केवडा रोगावर मारतात. आपल्याहून शंभर वर्षं आधी त्यांचे बंब पुरून झाले, तेव्हा त्यांनी हात आखडलाय.

एवढी धातूंची बाजू नीट जमली म्हणून चार तारे. पाचवा रिपोर्टातल्या त्या १४० च्या युरोपीय मर्यादेसाठी कापला.

आता तो एक तारा. ‘अत्यंत कमी’ वाचून मी कॉलेजातल्या मैत्रिणीला रिपोर्ट पाठवला. ती कृषी विद्यापीठात मातीतल्या जिवाणूंवर काम करते. तिने पहिला प्रश्न विचारला, “डिहायड्रोजिनेज केलंय ना? आणि तुझी माती तांब्याची?” आणि हसायला लागली.

ती तपासणी अशी असते. टीटीसी नावाची एक रंगहीन पूड पाण्यात विरघळवून मातीत घालायची, चोवीस तास उबेत ठेवायची. जिवंत जिवाणू श्वसन करताना त्या पुडीचं लाल रंगात रूपांतर करतात. जितकं लाल, तितकं कामकाज जास्त. दिसायला फार सुंदर, स्वस्त आणि जगभर वापरतात. पण मातीत तांबं भरपूर असलं की ते या तयार झालेल्या लाल रंगावरच क्रिया करतं आणि तो फिका करतं. जिवाणूंनी काम केलेलं असतं, पावती पुसली जाते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या दोघा संशोधकांनी १९९१ मध्येच शोधनिबंधाच्या शीर्षकात प्रश्न टाकलाय की तांब्याच्या मातीत ही तपासणी बाद धरायची का. म्हणजे ज्या बागायतदारांना तांब्याची भीती घालून हे पॅकेज विकतात, नेमक्या त्यांच्याच मातीत ही तपासणी खोटं बोलते. आणि खोटं नेहमी एकाच दिशेने, कल्चर विकलं जाईल अशा.

मी लॅबला फोन केला. विक्री, विक्री, पुन्हा विक्री, आणि चौथ्या दिवशी एकदाचे केमिस्टकाका. वयस्कर आवाज. मी सांगितलं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, वाळवायची सूचना आमच्या जुन्या फॉर्मवरून तशीच छापली गेलीय. मी दोनदा सांगितलं. तुम्ही ताजी माती थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून पाठवा, पैसे घेत नाही.” मग म्हणाले, “तांब्याचं म्हणताय तेही करून बघतो.”

काकांनी काय केलं बघा. तयार लाल रंग, मोजून, दोन्ही मातींत घातला आणि चोवीस तासांनी किती परत मिळतो ते पाहिलं. गवतपट्टीच्या मातीतून शंभरातले ९३ परत आले. बागेच्या मातीतून ५८. डब्यात पोळ्या किती भरल्या हे मोजल्याशिवाय कोणी किती खाल्ल्या ते कसं सांगणार? एवढा साधा ताळा, पण पॅकेजमध्ये नव्हता. ताज्या मातीचा आकडा बागेत २४ आणि गवतात ११८ होता, म्हणजे पाचवा हिस्सा. हा रंगखाऊपणा वजा केल्यावर ४१ आणि १२७, म्हणजे तिसरा हिस्सा. मृत नाही. पण कमी आहे, हे मात्र खरं, आणि मी उगाच लॅबला खोटं पाडण्याच्या आनंदात ते विसरणार होते.

काकांनी श्वसनही मोजून दिलं. माती बंद बरणीत, आत कॉस्टिकची छोटी कुपी, ती कार्बन डायऑक्साइड शोषते, मग टायट्रेशन. बाग गवतपट्टीच्या ऐंशी टक्के. मी खूष होऊन मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली, “श्वास जोरात चाललाय म्हणजे तब्येत चांगली असंच काही नाही. धाप लागली तरी श्वास जोरात चालतो.” धातूंच्या मातीत जिवाणूंची संख्या घटते, पण उरलेल्यांना नुसतं जगायलाच जास्त कार्बन जाळावा लागतो. म्हणून श्वास आणि एकूण जीवभार, म्हणजे मातीतल्या सगळ्या सूक्ष्म जिवांचं मिळून वजन, दोन्ही मोजून भागाकार करतात. जीवभार ही लॅब मोजत नाही. विचारलं तर ‘लवकरच’ असं उत्तर आहे.

याच मैत्रिणीने वोबर्नची गोष्ट सांगितली. इंग्लंडात वोबर्न इथे १९४२ ते १९६१ एका प्रयोगाच्या शेतात लंडनकडच्या सांडपाण्याचा गाळ खत म्हणून टाकला. त्यात धातू होते. गाळ बंद करून वीसेक वर्षं झाल्यावर तपासलं, तर शेणखताच्या वाफ्यांच्या मानाने मातीतला जीवभार निम्मा. आणि तिथे लावलेल्या क्लोव्हर या चाऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू, होतं, पण नत्र बांधतच नव्हतं. जातच अशी उरली होती जी घरात राहते आणि काम करत नाही.

हे ऐकल्यावर मला चैन पडेना. जूनमध्ये बागेत दोन ओळींच्या मधे ताग पेरतो, त्याच्या मुळांनाही अशाच गाठी येतात; या वर्षी मूठभर गवतपट्टीतही फेकला. पंचेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची दहा-दहा रोपं कुदळीने मातीसकट उपटली, बादलीत धुतली आणि धाकटीला घेऊन नखाने गाठी फोडत बसले. आतून गुलाबी म्हणजे कामावर, पांढरी म्हणजे नुसती हजेरीपटावर. गवतपट्टीच्या रोपांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, फोडली की हळदीकुंकवाच्या पाण्यासारखा गुलाबी ठिपका. बागेतल्या रोपांना खसखशीएवढ्या, मोजक्या, आणि बहुतेक पांढऱ्या. धाकटी म्हणाली, “आई, या कच्च्या आहेत का?” मी हो म्हटलं, काय सांगणार! नत्राचं खत बागेत जास्त असतं, त्यानेही गाठी कमी धरतात, हे मैत्रिणीने लगेच बजावलं. म्हणजे सगळं खापर तांब्यावर फोडायचं नाही.

घरी करता येण्यासारख्या आणखी दोन गोष्टी केल्या. सांगते, कारण दोन्हींना मिळून खर्च शून्य.

एक, आप्पांच्या दोन जुन्या सुती बनियनी. एक बोदात, एक गवतपट्टीत, वीतभर खोल पुरल्या, कडेला काठी रोवली. साठ दिवसांनी काढल्या. गवतपट्टीतली बनियन निघालीच नाही, निघाला तो शिवणीचा दोरा, कारण तो पॉलिएस्टरचा. गळ्याचा गोल आणि दोन हातांचे गोल, हवेत धरले की बनियनचं चित्र काढल्यासारखं. बागेतली मात्र मळकी, जागोजागी विरलेली, पण अंगात घालता येईल अशी. आप्पांनी खरंच घालून दाखवली. बोदात ड्रिपमुळे ओल जास्त होती, म्हणजे कुजायला तिथे सोय बरी होती, तरी हे.

दुसरी, गांडुळं. एप्रिलात मोजून उपयोग नाही, ती उन्हाळ्यात खोल जातात. श्रावणात, दोन दिवस उघडीप पडल्यावर, फूट बाय फूट बाय फूट असे तीन-तीन खड्डे काढले आणि माती गोणपाटावर पसरून हाताने निवडली. गवतपट्टीत खड्ड्याला सरासरी चौदा, ओळींच्या मधे पाच, बोदावर दोन. बोदावर शेणखत सगळ्यात जास्त पडतं, आणि पानांवरून निथळणारा बोर्डोही. गांडूळ तर कातडीनेच श्वास घेतं, अंगभर माती लावून घेतं आणि मातीच खातं. त्याला तांबं चुकवायचं म्हणजे तिथून निघून जायचं, एवढाच मार्ग. इंग्लंडातल्या एव्हनमाउथला जस्त-शिशाच्या भट्टीजवळच्या जंगलात असंच झालेलं: गांडुळं गेली आणि पालापाचोळा न कुजता थरावर थर साचला. माझं ते निळ्या डागाचं पान मला तेव्हा कळलं. अर्थात रोटाव्हेटर, कीडनाशकं, न नांगरलेलं गवत, या सगळ्याचा फरक या आकड्यांत आहेच.

खताच्या बाबतीत मात्र ही लॅब वापराच. मे महिन्यात एका व्यापाऱ्याने शहरी कचऱ्याच्या कंपोस्टची ट्रॉली स्वस्तात आणून टाकली. काळंभोर, वासही ठीक, फक्त चाळताना बल्बच्या काचा आणि वायरचे तुकडे. धातूंपुरता नमुना पाठवला, अकराशे रुपये. शिसं १६४ पीपीएम. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला शिशाची मर्यादा १००, कॅडमियम ५, निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबं ३००, जस्त १०००. ट्रॉली परत पाठवली. व्यापारी म्हणाला, “ताई, इतकी वर्षं लोक टाकतात.” तो रिपोर्ट मी पुढे दोन भाऊबंदांना पाठवला, त्यांनीही परत पाठवली. अकराशे रुपये असे वसूल झाले. कोंबडखतही एकदा तपासा, खाद्यात तांबं आणि जस्त घालतात ते त्यात उतरतं.

आता आप्पा. तपासण्यांचं सगळं मांडून झाल्यावर म्हणाले, “सगळं खरं पोरी, पण केवडा काय तुझा रिपोर्ट वाचून थांबणार आहे का?” आणि २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर कोणी विसरलेलं नाही. छाटणी होऊन फुटवे निघाले आणि पाऊस थांबेचना, केवड्याने घड डोळ्यांदेखत जिरले. त्या वर्षी ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने मारलं. म्हणून बोर्डो बंद असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. या छाटणीला एवढं ठरलंय: नोझल बदलून चारशे लिटरचं अडीचशे करायचं, टाकीत उरलेलं एकाच कोपऱ्यात ओतायचं नाही, सवयीची जी ‘एक जास्तीची’ फवारणी असते ती हवामान बघूनच, आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी सोडल्यावर आठवड्यात बोर्डो मारून स्वतःचेच पैसे मारायचे नाहीत. शेणखत आणि छाटलेल्या काडीचं कुजवलेलं खत वाढवायचं, त्याने तांबं जरा बांधून राहतं. काळ्या चुनखडी मातीने आम्हाला इतकी वर्षं सांभाळून घेतलंय. हेच तांबं कोकणातल्या आंबट लाल मातीत पडलं असतं तर केव्हाच भोवलं असतं.

पॅकेज घ्यायचं झालं तर धातूंचं एकटं घ्या. ॲपमध्ये तो पर्याय खाली, ‘इतर’ मध्ये लपवलाय. जैविक हवंच असेल तर आधी फोन करून ओल्या मातीचा डबा मागा, श्वसन मागा, आणि ‘रंग परत मिळतो का बघितलंत का’ एवढं विचारा. केमिस्टकाका दुपारी तीननंतर फोनवर भेटतात. थर्माकोलचा डबा परत मागू नका, दीडशे रुपये कुरिअर लावतात.

ॲपवर आमचं शेत अजून लालच दिसतं. नवीन आकडे तबकडीत भरायची सोय नाही म्हणे. कल्चरचं कूपन रविवारी संपतंय, असा आज सकाळी पुन्हा मेसेज आला.